न मरणाऱ्या सासऱ्यांचा फ्लेक्स

मी माझ्या सासऱ्यांना मारलं, ही बातमी कॉलनीभर पसरली तेव्हा मी रेवाला दूधपोळी भरवत होते आणि सासरे शेजारच्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांदा पोहे घेत होते.

गुन्हा कबूल आहे. पण तो कलेच्या क्षेत्रात झालेला गुन्हा आहे आणि त्यात माझा वाटा जेमतेम तीस टक्के. उरलेला कोणाचा, ते सांगायलाच बसले आहे. रेवा झोपली आहे. तिचं तिसरं वर्ष चालू आहे आणि दुपारची झोप ही तिच्या मते आईवर केलेली मेहरबानी असते, त्यामुळे मधेच एखादं वाक्य तुटलं तर ती उठली असं समजावं.

सहा वर्षांपूर्वी मी एक सिनेमा केला. नाव ‘बदली’. बेचाळीस मिनिटांचा, वैज्ञानिक, आणि सगळाच्या सगळा आमच्या अमरावतीच्या घरातल्या बैठकीत घेतलेला, कारण दुसरी जागा कोणी देईना. गोष्ट अशी की इंगोले बाबू नावाचा एक कारकून चारशे वर्षं जिवंत आहे. तो म्हातारा होत नाही, मरतही नाही. हे गुपित तो लपवतो कसं? नोकरी करून. आधी मोगलांकडे, मग निजामाकडे, मग इंग्रजांकडे, मग जिल्हा परिषदेत. दर पंचवीस वर्षांनी तो बदली मागून घेतो. नवीन गाव, नवीन टेबल, त्याच फायली. कचेरीत बाबूच्या तोंडाकडे कोणी पाहत नाही, सगळे त्याच्या हातातल्या शिक्क्याकडे पाहतात, त्यामुळे चारशे वर्षांत एकालाही संशय आला नाही.

इंगोले बाबूचं काम केलं माझ्या सासऱ्यांनी. वामनराव त्यांचं नाव, मी मामाजी म्हणते. जिल्हा परिषदेत सारी हयात बाबू म्हणून काढल्यामुळे त्यांना अभिनय असा करावाच लागला नाही. ‘उद्या या’ हे वाक्य ते ज्या शांतपणे म्हणाले, त्यावर नागपूरच्या एका लहानशा महोत्सवात आम्हाला विशेष उल्लेख आणि स्मृतिचिन्ह मिळालं. विज्ञानाची बाजू गजेंद्रने सांभाळली. गजेंद्र माझा नवरा. तो कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. माणूस मरत का नाही, हे त्याने सिनेमात फळ्यावर अकरा मिनिटं समजावलं होतं. त्यातली दहा मी कापली. आमचा संसार त्यानंतरही टिकला, हे दोघांच्याही मोठेपणाचं लक्षण आहे.

दुसरा भाग करायचा हे तेव्हाच ठरलं होतं. मग रेवा झाली, आणि सहा वर्षं कुठे गेली ते इंगोले बाबूलाही सांगता यायचं नाही. या वर्षी मी मनाशी ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे नऊ दिवस आपले. मी शाळेत शिकवते, आणि अमरावतीच्या उन्हाळ्यात कॅमेराही बंद पडतो, म्हणजे त्यानंतर थेट पुढची दिवाळी. मामाजी पंच्याहत्तरचे झालेत. न मरणाऱ्या माणसाचा सिनेमा घाईने उरकावा लागतो, कारण त्यातला नट अमर नसतो. हे मी घरात मोठ्याने कधी बोलले नाही, पण पटकथा लिहिताना पेन जरा जास्तच दाबलं जायचं.

अडचण एकच होती. शेवटचा सीन सुचत नव्हता. ज्याला शेवटच नाही, त्याच्या गोष्टीचा शेवट काय करायचा? कॉलनीत सल्ल्यांना तोटा नव्हता. आमचे शेजारी नत्थुजी पोस्टातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी घरोघर पोचवतात. ते म्हणाले, “शेवटी मारून टाक त्याले, सूनबाई. लोकाइले बरं वाटते.” सासूबाई म्हणाल्या, “लगन लावून दे. चारशे वर्साचा झाला, कोणी पोरगी पाह्यली का त्याच्यासाठी?” गजेंद्र फळा घेऊन आला. मी त्याला परत पाठवलं.

मग सुट्टीआधी मामाजींनी बाबूचे कपडे घालून पाहिले, तेव्हा दुसरी अडचण आरशात दिसली. इंगोले बाबू सहा वर्षांत म्हातारा झाला होता. वरची कवळी आली होती, एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला होता, दुसऱ्यातला पिकत होता. यावर गजेंद्रने जे उत्तर काढलं त्यासाठी मी त्याची ती दहा मिनिटं माफ केली. तो म्हणाला, “इंगोले बाबू म्हातारा झालाच नाही. लोकांना संशय येऊ नये म्हणून तो म्हाताऱ्याचा मेकअप करतो.” म्हणजे आमचे खरेखुरे म्हातारे मामाजी, म्हातारा झाल्याचं सोंग घेतलेल्या तरण्या माणसाचं सोंग घेणार. मामाजींना हे इतकं आवडलं, की दोन दिवस ते जिन्यावरून हाशहुश करत चढायचे आणि वर पोचल्यावर मला डोळा मारायचे.

आता फ्लेक्स.

दुसऱ्या भागात सगळं ऑनलाइन झालेलं असतं. नुसत्या बदलीवर इंगोले बाबूचं भागत नाही, म्हणून तो खोटं मरायचं ठरवतो. आणि आमच्याकडे माणूस डॉक्टरने सांगितल्याने मरत नाही, चौकात फ्लेक्स लागल्यावर मरतो. तेव्हा पहिल्या सीनसाठी श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता. मी प्रीतमला निरोप पाठवला. चौकातलं फ्लेक्सचं दुकान त्याचं, आणि मामाजींच्या पंच्याहत्तरीचा फ्लेक्सही त्यानेच केलेला, म्हणजे फोटो त्याच्याकडे होताच. मी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं, की मामाजींचा फोटो घे, भावपूर्ण श्रद्धांजली लिही, खाली नाव ‘कै. इंगोले बाबू’, फार अर्जंट आहे, उद्या सकाळी हवाच. मी बोलत होते तेव्हा रेवाला फोन हवा होता. तो न मिळाल्यामुळे ती भोकाड पसरून रडत होती. या रडण्याला पुढे फार महत्त्व आलं.

सकाळी सहाला फ्लेक्स चौकात लागला. मी लावायला सांगितलेला नव्हता. वर मामाजींचा गॉगल घातलेला फोटो. खाली ‘कै. वामनरावजी’, संपूर्ण नाव, हुद्दा, गाव. त्याखाली पंच्याहत्तरीच्या फ्लेक्सवर ‘शुभेच्छुक’ म्हणून जे अकरा जण होते, तेच अकरा जण आता ‘शोकाकुल’ म्हणून हसत होते. नत्थुजींचा तर अंगठा वर होता.

मी प्रीतमला फोन लावला.

“हे काय केलंस? मी इंगोले बाबू सांगितलं होतं ना!”

“वहिनी,” तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “तुमी दुखात होत्या. दुखात माणसाले नाव सुदरत नाही. म्हून मी दुरुस्त करून देल्लं.”

“कसलं दुःख?”

“मांगं रडणं आयकू येत होतं ना, वहिनी. म्या कारागिराले सांगतलं, रातच्याले बसू पण काकाचा फ्लेक्स सकाळी लागलाच पायजे. लावाचा चार्ज नाही घेतला. मयतीचा आमी घेत नाही.”

माणसाने इतक्या चांगुलपणाने चूक केली, की त्याच्यावर ओरडताही येत नाही. मी एवढंच म्हटलं, “आता काढ तो.”

“तेरवीच्या आंधी?” प्रीतमला धक्का बसला. “लोक काय म्हणतीन? सुनेनं सासऱ्याले तेरा दिवस चौकात नाही राहू देल्लं, असं नाही म्हणनार?”

तोवर फाटक वाजलं होतं. शेजारच्या आशाबाई पदर डोळ्याला लावून, मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या होत्या. दार मामाजींनीच उघडलं. आशाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं, आणि डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “काय वं दामिनी, पिच्चरसाठी असं करते का कोणी?” त्यांच्या मागून माणसांची रीघ लागली. एक चष्मा विसरून आलेले आजोबा मामाजींच्याच गळ्यात पडून म्हणाले, “धीर धरा. कोन गेलं?” मामाजी म्हणाले, “मीच.” आजोबा म्हणाले, “अरे अरे. वय काय होतं?”

सासूबाई मात्र माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्यांच्या कपाळावर रोजच्या दुप्पट आकाराचं कुंकू होतं. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या फक्त ते कुंकू दाखवायच्या आणि माझ्याकडे बोट करायच्या. मी शिकलेली, कमावती, विशेष उल्लेख मिळालेली दिग्दर्शिका, त्या सकाळी एकवीस बायकांसमोर उभी राहून ‘फ्लेक्सवाल्याची चूक’ हे दोन शब्द म्हणत राहिले. एकीलाही पटलं नाही. फक्त नत्थुजींनी माझी बाजू घेतली. ते म्हणाले, “खोटी मयत उठली का आयुष्य वाढते. वामनरावले पोरीनं दहा वर्स देल्ले.” मग मला बाजूला घेऊन, आवाज उतरवून, “माहा बी एखांदा लावून देशील का? लहानसाच. आतल्या गल्लीत.”

मी ठरवलं, आता जे झालं ते झालं, काम थांबवायचं नाही. दुपारी बाराला पहिला सीन सुरू केला. आमचा कॅमेरामन योगेश नांदगाव खंडेश्वरचा. तो एरवी लग्नं काढतो, त्यामुळे कुठलाही सीन घेताना आपोआप कोपऱ्यातल्या जेवणाऱ्या माणसांकडे वळतो. त्याला दोन वेळा सांगितलं की इथे कोणी जेवत नाहीये. सीन साधा होता. इंगोले बाबू मेल्याचं सोंग घेऊन जमिनीवर पडला आहे. पांढरी चादर, गळ्यात हार, नाकात कापूस. मामाजी झकास पडले. मी ‘ॲक्शन’ म्हटलं.

आणि दारात पंजाबराव काकाजी उभे राहिले.

काकाजी म्हणजे मामाजींचे धाकटे भाऊ, राहणार अकोला. सात वर्षं दोघं बोलत नव्हते. कारण आमचं लग्न. लग्नात मांडवात माइकवरून एकेकाचं नाव पुकारून टॉवेल-टोपी देतात, तेव्हा साठ-सत्तर नावं पुकारली गेली आणि काकाजींचं राहिलं. ते पंगतीत न बसता गेले, ते गेलेच. फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरून सकाळी आठला अकोल्याला पोचला होता. काकाजींनी कोणालाही फोन केला नाही. न्हाव्याकडे गेले, डोकं उतरवलं, चाळीस वर्षं जपलेली, टोकं वर वळवलेली मिशी उतरवली, आणि मिळेल त्या गाडीने मूर्तिजापूर, बडनेरा करत आमच्या दारात आले. पाहतात तो भाऊ खाली. हार. कापूस.

ते मामाजींच्या पायावर पडले. काय काय बोलले ते मी लिहिणार नाही. मी ‘कट’ म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं. मामाजी खरे नट, ‘कट’ ऐकल्याशिवाय हलायचं नाही हे मीच त्यांना शिकवलेलं, त्यामुळे ते निपचित. फक्त त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं. ते काकाजींना दिसलं.

“दादा?”

“पंजाब,” मामाजी कापसामधून म्हणाले, “रडू नको गा. शुटिंग हाये.”

काकाजी उठून उभे राहिले. त्यांनी चादर पाहिली, योगेश पाहिला, मला पाहिलं. त्यांचा हात सावकाश वरच्या ओठावर गेला, तिथे काही सापडलं नाही.

“तू जिवंत हायेस,” ते म्हणाले, “मंग माह्या मिशीचं काय?”

मामाजींनी हात पुढे केला. काकाजी मागे सरकले. “जे बोललो ते मेलेल्या भावाशी बोललो. जिवंताशी माहं बोलनं नाही.” मग माझ्याकडे वळून, “सूनबाई, ते कॅमेऱ्यात आलं का?”

“आलं, वहिनी,” योगेशच बोलला. त्याचे डोळे लाल होते. “बम आलं. असं मी जिंदगीत नाही घेतलं.”

“पुसून टाक,” काकाजी म्हणाले.

आता माझी अवस्था सांगते. मला शेवटचा सीन हवा होता. तो पहिल्याच दिवशी, पहिल्याच टेकमध्ये, माझ्या बैठकीत येऊन पडला होता. जन्मात पुन्हा असं काही मिळणार नाही हे मला कळत होतं, योगेशला कळत होतं, आणि मला वाटतं मामाजींनाही. मी म्हटलं, “दाखव योगेश.” त्याने दाखवलं. मी ते शेवटपर्यंत पाहिलं, आणि काकाजींच्या देखत स्वतःच्या बोटाने पुसलं. आता यात मोठेपणा काही नाही. म्हाताऱ्या माणसाची इच्छा नसताना त्याचं रडणं गावाला दाखवायला मी काही फ्लेक्सवाली नाही. पण रात्रीचं जेवण मला गेलं नाही, हेही खरं.

काकाजी अकोल्याला परत जायला तयार नव्हते. “भाऊ जिवंत आनि मी तुळतुळीत. कोन्या तोंडानं जाऊ? मिशी आल्याबिगर जात नाही.” ते ओसरीवर बसले. मामाजी बैठकीत. मधे दार. निरोपांची ने-आण माझ्याकडे आली. “सूनबाई, त्याले इचार, चहा घेते का.” “सूनबाई, त्याले सांग, मी साखर सोडली.” “सूनबाई, त्याले इचार, कधी सोडली.” सात वर्षांचा हालहवाल मी एका दारातून दुसऱ्या बाजूला वाहिला. मधल्या वेळात शूटिंग, पण त्यात राम नव्हता. मामाजी ‘उद्या या’ म्हणताना ओसरीकडे पाहायचे आणि इंगोले बाबू चारशे वर्षांचा न वाटता नुसताच पंच्याहत्तरचा वाटायचा. सासूबाई जाता-येता ऐकवायच्या, “फ्लेक्स उतरला तसा पिच्चर बी उतरवा आता.” फ्लेक्स उतरला होता, मामाजी स्वतः चौकात जाऊन खाली उभे राहिल्यावर. लोकांनी दोघांचे एकत्र फोटो काढले.

काकाजींशी फक्त रेवाचं जमलं. दिवाळीआधीच तिचं जावळ काढलं होतं. ती काकाजींच्या डोक्यावरून हात फिरवायची, मग स्वतःच्या, मग पुन्हा त्यांच्या. सबंध घरात आपल्यासारखा दुसरा माणूस आल्याचा तिला फार आनंद झाला होता. काकाजी डोकं खाली करून बसून राहायचे.

पाचव्या दिवशी हयातीच्या दाखल्याचं निघालं. नोव्हेंबर महिना. दर वर्षी या महिन्यात पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं असतं. एरवी मामाजी अंगठा ठेवून पाच मिनिटांत जिवंत होऊन येतात. या वेळी बँकेतल्या मुलीनेही फ्लेक्स पाहिला होता. त्यात मशीन अंगठा घेईना. जन्मभर फायली उलटून तो गुळगुळीत झालेला.

“आजोबा,” मुलगी अगदी मायेने म्हणाली, “तुमी मले दिसून राहिले. पण मशीनले नाही दिसून राहिले.”

मामाजी माझ्याकडे वळले. “सूनबाई, लिहून घे. माहा पंच्याहत्तर वर्साचा अंगठा उठत नाही, तं इंगोले बाबूचा चारशे वर्साचा कसा उठन?”

मी कडेवरच्या रेवाला सावरत लिहून घेतलं. मुलगी म्हणाली, ओळख पटवायला रक्ताच्या नात्यातलं कोणी मोठं माणूस असेल तर आणा, साहेबांना सांगून बघते. गजेंद्र क्लासवर होता. राहता राहिले काकाजी. मी फोन केला. ते ऑटोने आले, कोणाकडे न पाहता काउंटरशी उभे राहिले.

“हे कोण तुमचे?”

“भाऊ.”

“हे जिवंत आहेत?”

काकाजींनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मामाजींकडे नीट पाहिलं. “हाये,” ते म्हणाले. “दुर्दैवानं म्हना का सुदैवानं, हाये.”

मुलीचं लक्ष त्यांच्या डोक्याकडे गेलं. तिने हळूच विचारलं, “काका, मुंडन कोणाचं?”

“याचंच.”

साहेबांनी बाहेर येऊन दोघांना पाहिलं आणि आत जाऊन सही करून टाकली. पुढे काही विचारायची त्यांची तयारी दिसली नाही.

परतताना ऑटोत मी आणि रेवा मधे, दोन्ही बाजूंना दोन भाऊ. अर्ध्या रस्त्यात काकाजी रस्त्याकडे पाहत म्हणाले, “सूनबाई, पयला भाग मी सतरा डाव पाह्यला.”

मी विचारलं, “आवडला का, काकाजी?”

“एक चूक हाये. चारशे वर्स एक माणूस जगते, अन् त्याले भाऊ नाही? झाडावून पडला का तो?”

“भाऊ असता तर तो मेला असता ना, काकाजी.”

“कावून? एकाच मायचे लेकरं. याचं घड्याळ बंद, तं त्याचं बी बंद. तो बी असनच कुठं तरी. बोलत नसन फक्त.”

मामाजी दुसऱ्या बाजूला पाहत होते. पण ऑटो घरापाशी थांबला तरी ते उतरले नाहीत, रिक्षावाल्याने दोनदा सांगेपर्यंत.

रेवाला झोपवलं आणि तासाभरात मी सीन लिहिला. इंगोले बाबूला एक धाकटा भाऊ आहे, तोही मरत नाही. दोघं दोनशे वर्षं बोललेले नाहीत. साध्या माणसांचं बरं असतं. कधीतरी मरायचंय या भीतीने ती कुठे ना कुठे बोलून टाकतात. या दोघांना घाईच नाही. कोणी आधी बोलायचं, यावर ते आणखी हजार वर्षं काढू शकतात. मग एक दिवस फ्लेक्स लागतो, आणि धाकट्याला पहिल्यांदा वाटतं की वेळ संपली. गजेंद्रने वाचलं आणि विचारलं, “दोघांच्याही पेशी कशा?” मी म्हटलं, “आनुवंशिक.” तो इतका खूश झाला की फळा आणायला विसरला.

मी वही घेऊन ओसरीवर गेले. काकाजींनी चष्मा लावून वाचलं. “म्हंजे मले याच्याशी बोला लागन?”

“तुम्हाला नाही काकाजी. पात्राला.”

“पात्राले चालन,” ते म्हणाले.

सुट्टीच्या आठव्या दिवशी सकाळी शूटिंग. बैठकीत इंगोले बाबू पेटी भरतोय, दारात मुंडन केलेला भाऊ येतो. डोक्यावर आठ दिवसांचे केस, ओठावर आठ दिवसांची सावली. नत्थुजी, आशाबाई, सासूबाई, सगळे ओट्यावर जमलेले. भावाने म्हणायचं, ‘दोनशे वर्षं झाली, बोलायचं राहून गेलं होतं.’ बाबूने म्हणायचं, ‘मग आता बोल, वेळ आहे.’ एवढाच सीन. मी ‘ॲक्शन’ म्हटलं.

काकाजी दारात आले. थांबले.

“सात वर्स झाले,” ते म्हणाले.

“दोनशे, काकाजी,” मी कुजबुजले. त्यांनी ऐकलं नाही.

“सात वर्स झाले, दादा. माइकवर अख्ख्या गावाचं नाव पुकारलं. बँडवाल्याचं पुकारलं. ड्रायव्हरचं पुकारलं. टॉवेल-टोपीले माहंच नाव कावून नाही घेतलं?”

मामाजींच्या हातातला सदरा पेटीत पडला. योगेशने माझ्याकडे पाहिलं. मी कट म्हटलं नाही.

“टॉवेल-टोपी पावन्याले देतात, पंजाब,” मामाजी म्हणाले. “यादी मीच लिहली होती. तू घरचा. घरच्या माणसाले कोनी टॉवेल-टोपी देते का? माहं तरी नाव होतं का त्याच्यात?”

काकाजी दारातून आत आले.

“हे सात वर्स आंधी कावून नाही सांगतलं?”

“तू इचारलंच नाही.”

“मी इचारलं नाही? अबे, मी जेवलो नाही तवा तुले समजलं नाही?”

“मले वाटलं, वाढाले उभा असशीन. घरचा मानूस शेवटच्या पंगतीले जेवते.”

“कट,” मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं. सासूबाई पदराने कुंकवाखालचं सगळं पुसत होत्या.

गजेंद्र हळूच म्हणाला, “चारशे वर्षांच्या गोष्टीत टॉवेल-टोपी आणि माइक नाही चालणार.” बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, “काकाजी, फार छान. पण पुन्हा घ्यावं लागेल.”

“घे,” काकाजी म्हणाले. “मले अजून बोलाचंच हाये.”

दुसऱ्या टेकमध्ये सायकल निघाली, जी मामाजींनी सत्तर सालच्या आसपास न विचारता विकली होती. तिसऱ्यात आईच्या शेवटच्या आजारपणात कोण कुठे होतं ते. पाचव्यात मामाजींनीच ‘थांब, आता माहं आयक’ म्हणून सीन हातात घेतला. नवव्यात दोघं एकाच मास्तराची नक्कल करत हसत सुटले आणि योगेशला कॅमेरा खाली ठेवावा लागला. मी दर वेळी संवाद समजावून सांगत होते, ते दोघं दर वेळी आज्ञाधारकपणे मान हलवत होते. एकूण तेवीस टेक झाले. त्यातल्या बाविसांत मी मागितलेलं काहीच नव्हतं. कधीतरी एकोणिसाव्याला, चुकून, दोघांनी अगदी माझ्या वहीतली वाक्यं म्हटली, आणि ती अशी म्हटली की ओट्यावरचे नत्थुजी आपणहून म्हणाले, “हे ठेव. याले मारू नको.”

ऊन उतरलं तसं मी पॅक-अप म्हटलं. सीन मिळाला होता. सिनेमा पुरा झाला होता, आणि सुट्टीचा अजून एक अख्खा दिवस हातात शिल्लक होता. एवढं नीटनेटकं माझ्या हातून कधी काही झालेलं नाही. दोघं भाऊ पेटीवर बसून एकाच बशीतलं पिठलं भाकरीला लावून खात होते, आणि योगेशचा कॅमेरा सवयीने तिकडे वळला होता.

“उद्या काय हाये?” काकाजींनी विचारलं.

“उद्या काही नाही काकाजी. संपला सिनेमा. परवा माझी शाळा.”

“संपला?” त्यांनी घास खाली ठेवला. एकदा भावाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “दोघं बी मरत नाहीत म्हन्ते ना तू? मंग असा कसा संपन?”

“पुढचं लिहिलेलंच नाही ना, काकाजी.”

“लिही मंग,” ते म्हणाले.